पुढच्याची मान खाली

ढालवाल्याने मान खाली घालायची, ढाल पुढे धरायची आणि नगारा वाजला की चालायला लागायचं. नगारा ऐकूनही जो घुटमळेल त्याचं डोकं उडवायचं. मिंग राजवटीतला चिनी सेनापती छी जीग्वांग याने १५६० च्या सुमारास लिहिलेल्या ‘जिश्याओ शिनशू’ या कवायतीच्या ग्रंथात हा नियम येतो, आणि तो अशा कोरड्या सुरात येतो की भांडी घासून पालथी घालायची सूचना वाटावी.

डोकं उडवण्याची धमकी मला फारशी विशेष वाटली नाही, जुन्या फौजांत ती सगळीकडेच असायची. मी अडकलो ते मान खाली घालण्यापाशी. सगळ्यात पुढे जो चालतो त्यालाच समोरचं दिसू नये? मग तो जातो कुणाच्या भरवशावर?

आपल्याकडे पोवाडे तलवारीचे असतात. ढालीचा पोवाडा माझ्या तरी कानावर आलेला नाही. शाळेत असताना आमच्याकडे मर्दानी खेळ शिकवायला एक वस्ताद यायचे. फरीगदग्याच्या कातडी फऱ्या भिंतीवर टांगलेल्या असायच्या, पण प्रत्येकाला हवा असायचा दांडपट्टा. कारण उघड होतं. पट्टा एकट्याने फिरवता येतो, गोल रिंगण मोकळं होतं आणि टाळ्या पडतात. फरी घेतली की समोर कुणीतरी लागतो, आणि बघणाऱ्यांचं लक्ष त्या समोरच्याकडेच असतं. ढालीला प्रेक्षक नसतो हे मी तेव्हाच शिकलो. नोकरीच्या निमित्ताने तैवानात, ताइनानला राहायला गेलो नसतो तर त्यावर पुन्हा विचार करायची वेळही आली नसती.

छी जीग्वांगचा जन्म १५२८ चा, शानदोंगमधल्या पिढीजात लष्करी घराण्यातला. १५५५ साली तो झेजियांगमध्ये आला तेव्हा तिथल्या किनाऱ्यावर चाच्यांनी उच्छाद मांडला होता. त्यांना ‘जपानी चाचे’ म्हणत असले तरी त्यांच्यात चिनी माणसांचाच भरणा मोठा होता. मिंग दरबाराने खाजगी समुद्री व्यापारावर बंदी घातली, मग व्यापारी चोरटे झाले आणि चोरटे लुटारू झाले. दरबाराच्या कागदांवर मात्र शत्रू परदेशी असणंच सोयीचं असणार. त्यांच्यात जे खरे जपानी तलवारबाज होते ते लांब तलवार दोन्ही हातांनी चालवायचे आणि एका उडीत अंगावर यायचे. त्यांच्यापुढे मिंग शिपाई उभाच राहत नसे. एकास एक लढायचं म्हटलं तर शिपायाचं मरण ठरलेलं, आणि हे शिपायाला सेनापतीपेक्षा आधी कळलेलं असायचं.

छीने दोन गोष्टी केल्या. पहिली माणसांची. १५५९ साली त्याने यीवू भागातल्या शेतकऱ्यांची आणि खाणीतल्या मजुरांची भरती केली. तिथले गावकरी खाणीच्या हक्कावरून बाहेरून आलेल्यांशी हाणामारी करत होते, त्यातली त्यांची एकी बघून तो थक्क झाला असं सांगतात. शहरी, गोडबोले, चटपटीत दिसणारे तरुण त्याला मुळीच नको होते. काळवंडलेल्या कातडीचा, राबलेल्या हातांचा गडी हवा, असं त्याने स्पष्टच लिहून ठेवलंय.

दुसरी गोष्ट म्हणजे बारा जणांची तुकडी. मँडरिन बदकं जोडीने पोहतात म्हणून तिला त्या बदकांचं नाव मिळालं. एक नाईक. त्याच्या मागे दोन ढालवाले, दोघांच्या ढाली वेगळ्या. त्यांच्या मागे दोन बांबूवाले, मग चार लांब भालेवाले, मग दोन त्रिशूळवाले. आणि शेवटी स्वयंपाकी.

यातला बांबू म्हणजे अक्षरशः बांबू. फांद्या न छाटता तसाच ठेवलेला, टोकाला लोखंडी पातं बसवलेला, चार-पाच मीटर लांब. दिसायला विनोदी. पण तलवारवाला त्या फांद्यांच्या जाळीत शिरू शकत नाही, आणि तो हातात असला की शिपायाचं सगळं अंग झाकलं जातं. छीने त्याची बाजू घेताना हेच म्हटलंय की घाबरलेल्या माणसालाही याच्या आडोशाने धीर येतो. माणूस घाबरतो हे त्याने गृहीत धरलं होतं. मला या सेनापतीबद्दल आदर वाटायला लागला तो इथे.

आता कोण कुणाला सांभाळतो ते बघा. दोन्ही ढाली शेजारी-शेजारी पुढे. प्रत्येक ढालीच्या मागे एक बांबू, त्याने ढालवाल्याचं अंग राखायचं. प्रत्येक ढाल-बांबूच्या जोडीवर दोन-दोन भाले, त्यांनी दोघांनाही राखायचं आणि मारायचं कामही करायचं. भाला फार पुढे गेला आणि परत खेचायला उशीर झाला तर त्रिशूळवाल्याने धावून जायचं. म्हणजे प्रत्येकाचा जीव त्याच्या मागच्याच्या हातात. नेमका तो मागचा आपल्याला दिसत नसतो.

दोन ढालवाल्यांची गंमत वेगळीच आहे. एकाकडे उंच, लांबट, जड ढाल. हाच तो मान खाली घालणारा. थोराड, वयाने जरा पोक्त, दांडगा माणूस या कामाला निवडायचा असा नियम. चालती भिंतच तो. दुसऱ्याकडे वेताची गोल ढाल, आणि तिच्यासाठी हवा कोवळा, हातापायाने चपळ पोरगा. ही ढाल फुजियानकडची. वेत गोल-गोल वळत नेऊन मधोमध फुगवटा आणायचा, आतून हात घालायला एक कडं आणि मुठीत धरायला एक. लाकडी ढालीवर घाव बसला की ती चिरते. वेत दबतो आणि उसळतो, शिवाय पावसापाण्याच्या, चिखलाच्या भातखाचरांत हलका पडतो. दक्षिण चीनमधल्या त्या बांध-ओढ्यांच्या मुलखात हजारोंची सरळ रांग उभीच राहू शकत नव्हती, बारा जणांची तुकडी मात्र बांधाबांधाने जाऊ शकायची.

वेतढालवाल्याकडे कमरेची तलवार आणि फेकायचा भाला असे. भाला उजव्या हातात, तलवार ढालीमागच्या डाव्या हातावर आडवी टेकवलेली. भाला फेकायचा, तो लागला नाही तरी समोरचा अंग चोरतो किंवा तो उडवून लावायला हत्यार हलवतो. तेवढ्या क्षणात तलवार हातात घेऊन त्याच्या पायांशी शिरायचं. ग्रंथात या ढालीच्या आठ पवित्र्यांची चित्रं आहेत. एकात गडी दबा धरून बसलाय, एकात उसळी घेतोय, एकात ढालीसकट लोळत पुढे चाललाय. चित्रातल्या माणसाच्या चेहऱ्यावर काहीही भाव नाही, आणि ते बरंच आहे. ही ढाल बचावासाठी घेतलेली नाही हे त्या चित्रांवरून लगेच लक्षात येतं. शत्रूच्या रांगेत पहिलं भगदाड पाडायला ती पुढे घातलेली आहे.

छीचा सगळ्यात मोठा राग होता तो शोभेच्या हातांवर. आखाड्यात वाहवा मिळवणारे गिरक्या-उड्यांचे प्रकार त्याने फौजेतून हद्दपार केले. मोठ्या रणात शेकडो माणसं एकत्र सरकतात, समोरून भाल्यांचं रान येतं आणि इकडूनही भाल्यांचं रान जातं, तिथे हात वळवायला जागा नसते, मग डावी-उजवीकडे उड्या कुठून मारणार, असा त्याचा सवाल. एकाने मागे वळून पाहिलं की सगळ्यांच्या मनात शंका येते, एकाने टीचभर पाऊल हलवलं की सगळ्यांचं अवसान जातं. आणि मग तो म्हणतो: शूराने पुढे जायचं नाही, भित्र्याने मागे राहायचं नाही.

दुसरा अर्धा भाग कुणीही सेनापती म्हणेल. पहिला अर्धा म्हणायला हिंमत लागते. शूर माणूस हा तुकडीला भित्र्याइतकाच धोका, कारण तो पुढे धावला की त्याच्या जागी भोक पडतं, आणि त्या भोकातून मरण आत येतं ते शेजाऱ्यासाठी. एकांड्या वीराच्या गोष्टींवर वाढलेल्या माझ्यासारख्याला हे पचायला वेळ लागला. दहीहंडीच्या तळाच्या थरात कधी उभं राहिला असाल तर पटकन पटेल: मान खाली, समोरच्याच्या खांद्यावर हात, वर काय चाललंय ते दिसत नाही, आणि तिथे जर कुणी हौसेने वर बघितलं तर संपलं.

पण या एकोप्याचं फार कौतुक करायलाही माझं मन घेत नाही. नाईक लढाईत मेला आणि तुकडीने त्या बदल्यात शत्रूचं डोकं आणलं नाही तर तुकडीतल्यांनाच मृत्युदंड, असा नियम होता. बक्षीस सगळ्यांत वाटून, शिक्षाही सगळ्यांत वाटून. मागच्यावर भरवसा होता तो काही निव्वळ प्रेमाचा नव्हता. मागचा पळाला तर त्याचंही डोकं जाणार, हे पुढच्याला पाठ होतं. ऑफिसात टीमवर्कची शिबिरं घेणाऱ्यांच्या हाती हा ग्रंथ लागू नये एवढीच प्रार्थना. १५६१ साली ताइझोउच्या परिसरात या फौजेने चाच्यांना लागोपाठ हरवलं, तेही स्वतःची माणसं फारशी न गमावता. धाक आणि भरवसा यांचं प्रमाण त्यात किती-किती होतं हे मोजण्याची सोय नाही.

कवायत उपयोगी होती म्हणून ती पसरली. १५९२ नंतर जपानी फौजांशी झुंजताना कोरियाने छीचा ग्रंथ उचलला, आणि १५९८ साली त्यावरून बेतलेल्या कोरियन पुस्तकात वेतढाल आणि फांद्यांचा बांबू दोन्ही आले. ढालीचा सगळ्यात गाजलेला दिवस मात्र तैवानातला.

१६६१ साली मिंगांशी एकनिष्ठ राहिलेला सेनापती झेंग चेंगगोंग, ज्याला युरोपीय लोक कोक्सिंगा म्हणत, डचांकडून तैवान घ्यायला उतरला. मे महिन्याच्या सुरुवातीला पेडेल नावाचा डच कप्तान २४० बंदूकवाले घेऊन त्याच्यावर चालून गेला. पहिला बार उडाला की चिनी पळतील अशी त्याची खात्री होती. पळाले ते डच. पेडेलसकट ११८ जण वाळूत पडले. पुढच्या वर्षी १ फेब्रुवारीला डचांच्या झेलंडिया किल्ल्याने शरणागतीच्या करारावर सही केली. ताइनानच्या आन्पिंग भागात त्या किल्ल्याच्या विटांच्या भिंतीचा तुकडा अजून उभा आहे, वडासारख्या पारंब्या त्यावर उतरल्या आहेत, आणि रविवारी समोर कोळंबीच्या वड्यांच्या गाड्यांवर गर्दी असते.

हरलेला डच गव्हर्नर कोयेत याने लिहिलेला म्हणून ओळखला जाणारा एक वृत्तांत १६७५ साली छापला गेला. त्यात झेंगच्या ढालवाल्यांचं वर्णन आहे. मान वाकवून, अंग ढालीआड लपवून हे लोक असे तुटून पडायचे, की जणू प्रत्येकाचा आणखी एक देह घरी शिल्लक ठेवलेला आहे. कितीही पडले तरी पुढे येतच राहायचे, पिसाळलेल्या कुत्र्यांसारखे. आपल्या मागे सोबती येताहेत की नाही हे वळूनही बघायचे नाहीत.

वळूनही बघायचे नाहीत! कोयेतला यात वेड दिसलं. मी हे वाचलं तेव्हा छीचा ग्रंथ वाचून झाला होता, म्हणून मला कवायत दिसली. झेंगच्या फौजेत फुजियानचीच माणसं जास्त, वेताची ढाल त्यांच्याकडचीच. ज्याला मागे वळून बघावं लागत नाही तो बाहेरच्याला पिसाळलेलाच दिसणार. बंदूक झाडून पुन्हा भरेपर्यंतचा वेळ अशा माणसाला पुरतो.

पुढे १६८३ साली झेंगचं राज्य, मिंगांनंतर चीनवर राज्य करणाऱ्या मांचू सम्राटांकडे गेलं, आणि खांगशी सम्राटाने त्यातल्याच काही शे ढालवाल्यांना १६८५ मध्ये थेट उत्तरेला, आमूर नदीकाठी आल्बाझिनला, रशियनांशी लढायला पाठवलं. उसाच्या मुलखातली पोरं बर्फाच्या मुलखात. ढाली डोक्यावर धरून ती नदीत उतरली आणि तराफ्यांवरच्या रशियन कोसॅक शिपायांना भिडली अशी कथा सांगतात. त्यानंतर ढालीची उतरण सुरू झाली. १७९३ साली चीनच्या दरबारी गेलेल्या मॅकार्टनीच्या ब्रिटिश वकिलातीबरोबर आलेला इंग्रज चित्रकार विल्यम अलेक्झांडर याने जो ढालवाला रंगवला तो वाघाच्या पट्ट्यांचा पोशाख आणि कान असलेली टोपी घालून उभा आहे. चित्र सुंदर आहे. छीला बघवलं नसतं.

फौजेतून गेलेली ढाल गावात टिकली, आणि मी ती पाहिली काओशुंगच्या डोंगराळ भागातल्या नेइमेनला. तिथे चांद्र पंचांगाच्या दुसऱ्या महिन्यात, ग्वानयिन देवीच्या जन्मोत्सवाच्या सुमारास ‘सोंग जियांग व्यूहां’ची जत्रा भरते. सोंग जियांग हा बाराव्या शतकाच्या सुरुवातीचा बंडखोर. इतिहासात त्याचे साथीदार ३६, त्याच्यावरच्या जुन्या चिनी कादंबरीत वाढून १०८ झाले. म्हणून गावाच्या पथकात माणसं ३६ किंवा ७२ असतात, १०८ क्वचित. या व्यूहाचा उगम कुणी छीच्या तुकडीत सांगतात, कुणी झेंगच्या ढालवाल्यांत, कुणी गावरक्षणासाठी जमलेल्या शेतकऱ्यांत. मला तिसऱ्याकडे झुकावंसं वाटतं, कारण हत्यारं बघा: ढाली, तलवारी, भाले आहेतच, पण दंताळं आहे, कुदळ आहे, चक्क छत्रीसुद्धा आहे. दारामागे जे होतं ते घेऊन धावत आलेल्यांचा हा संच.

गावही तसंच आहे. जुनं नाव लुओहानमेन. १७२१ साली मांचूंविरुद्ध उठलेला झू यीग्वेई इथेच बदकं पाळायचा. त्याच्या हुकमाने बदकं रांगा धरून चालायची अशी दंतकथा आहे, आणि त्याला आजही बदकांचा राजा म्हणतात. काही दिवसांत त्याने तैवानची राजधानी घेतली, आणि फार काळ न टिकता पेकिंगला नेऊन मारला गेला. शिवाय नेइमेन प्रसिद्ध आहे ते मांडव घालून पंगती उठवणाऱ्या आचाऱ्यांसाठी. लग्नकार्याला नेइमेनचा आचारी मिळाला की यजमान मिरवतो. छीच्या तुकडीतला बारावा, तो स्वयंपाकी, मंदसा, कुणाच्याही हाताखाली निमूट राहणारा निवडायचा असं ग्रंथ सांगतो. नेइमेनच्या आचाऱ्यांपुढे हे वाचून दाखवायची माझी छाती झाली नाही.

खेळ सुरू होतो तो पुढे निशाण आणि दुहेरी कुऱ्हाडवाला घेऊन. मग नगारा, घंगाळासारखी घणघणणारी थाळी आणि झांजा. पथक गोल फिरतं, चार दिशांना चार दारं उघडतं, नागमोडी होतं, गोगलगायीच्या शंखासारखं आत-आत वळत जातं आणि गुंता न होता उलगडतं. अष्टकोनी व्यूह हा कळसाचा. मध्ये जोड्या सुटतात. ढालवाला काठीवाल्यासमोर जमिनीलगत लोळतो, काठी आपटते ती ढालीच्या फुगवट्यावरून घसरते, धूळ उडते, आणि लोक अर्थातच काठीवाल्याकडे बघतात. मी ढालवाल्याकडे बघत राहिलो. त्याची मान खरोखर खाली होती. नगाऱ्याच्या दोन ठोक्यांमध्ये जेवढं अंतर पडायचं तेवढंच तो सरकायचा.

माझ्या ऑफिसातला एक सहकारी त्याच भागातला, त्याच्या ओळखीने एका पथकाच्या म्हाताऱ्या वस्तादांशी बोलता आलं. मी त्यांना काका म्हणावं तसंच तिकडचं संबोधन वापरत होतो, ते मला ‘इंडियावाला’ म्हणत होते. सुपारी खाऊन लाल झालेले दात, पायात रबरी चपला. त्यांनी सांगितलं की सराव देवळासमोर रात्री चालतो, हत्यारं देवळातच राहतात, तालीम सुरू करताना आणि संपवताना पूजा असते, आणि पूर्वी बायकांनी हत्याराला हात लावायचा नाही असा कडक दंडक होता. आता कित्येक पथकांत मुली आहेत, कॉलेजांच्या स्पर्धा होतात, रोषणाई असते, संगीताचा ठेका बदलतो.

स्पर्धांबद्दल विचारलं तर त्यांनी तोंड वाकडं केलं. “परीक्षकांना उड्या हव्यात,” म्हणाले. “ज्याची उडी उंच त्याला गुण. मग पोरं उड्याच मारणार. व्यूहाला कोण विचारतो?” साडेचारशे वर्षांपूर्वीची ही तक्रार जशीच्या तशी ऐकून मला हसू आलं, आणि त्यांना वाटलं मी त्यांना हसतोय. समजूत घालायला बराच वेळ गेला.

पण त्यांचं म्हणणं सर्वस्वी बरोबर आहे असं मला वाटत नाही. ज्या धाकाने छीची माणसं एकत्र राहत तो धाक नेइमेनमध्ये नाही, आणि नसावाच. इथे चुकला तर कुणाचं डोकं जात नाही, फार तर वस्तादांची शिवी मिळते. मग पंधरा-सोळा वर्षांच्या पोराने दिवसभर कॉलेज करून रात्री येऊन मान खाली का घालावी? त्याला एखादी उडी मारू द्यावी लागते. उडीच्या लोभाने आला तर निदान आला. मी हे बोललो तेव्हा सहकाऱ्याने भाषांतर करताना त्यातला अर्धा भाग गाळला असावा, कारण वस्ताद मान डोलवत राहिले.

मग मी विचारलं, ढाल कुणाला देता? त्यांच्याकडे याचा सोपा रिवाज होता. नवीन येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या हंगामात ढालच. कुऱ्हाड, तलवार, मोठा चंद्रकोरी भाला हवा असेल तर पुढच्या वर्षी माग. जवळजवळ सगळे मागतात. ज्याला दुसऱ्या वर्षीही ढालच हवी असते तो त्यांच्या मते खरा ढालवाला, आणि त्याला ते मग कधीच बदलत नाहीत. त्या वर्षी असे दोघे निघाले होते. एक गॅरेजमध्ये काम करणारा पोरगा, फारसं न बोलणारा. दुसरी त्यांची नात. तिला ढाल द्यायची की नाही यावरून घरात वर्षभर वाद चालला होता, आणि वाद घालणाऱ्यांत वस्ताद स्वतः नकोच्या बाजूला होते.